काटा खरे सांगतो का?

पन्हाळ्याचा घाट उतरणाऱ्या जुन्या पद्मिनी मोटारीचा वेगदर्शक ताशी २० किलोमीटर दाखवतो. पण खरा वेग ३० असेल तर? ब्रेक लावल्यानंतर गाडी सव्वादोन पट अंतर जाऊन थांबेल! कारण हे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते.

अशा वेगदर्शकाचे पेटंट जर्मनीच्या ऑटो शुल्झ यांनी १९०२ साली घेतले. त्यात गिअरपेटीकडून आलेली केबल एक चुंबक फिरवते. त्याभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवऱ्यांसारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. नाजूक स्प्रिंग तिला आवरते. वाटी जितकी वळेल तितका तिच्यावरचा काटा सरकतो.

आता दोष ओळखा. किलोमीटर मोजणारे आकडेही याच केबलवर फिरतात. आकडे आणि काटा दोन्ही थांबले, तर बहुधा केबल तुटली. काटा थरथरतो? केबल कोरडी पडली असेल. ती साफ करून वंगण द्यावे. आकडे बरोबर, पण काटा मागे? चुंबक क्षीण झाला असेल. ते काम कुशल कारागिराचे.

परीक्षा सोपी आहे. घाटाअलीकडच्या सपाट रस्त्यावर चालकाला काटा ३० वर स्थिर ठेवायला सांगा. शेजारी बसून तुम्ही किलोमीटरचे दगड आणि घड्याळ पाहा. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत १२० सेकंद लागले, तर काटा खरा. ८० सेकंदच लागले तर? ३६०० ला ८० ने भागा आणि खरा वेग तुम्हीच सांगा!