बिल आहे, बॉक्स आहे, पण फोन कोणाचा आहे?

महात्मा गांधी रोडवरच्या प्रधान पार्कपाशी संध्याकाळी उभे राहिले, की नाशिकचा मोबाइल बाजार डोळ्यांसमोर येतो. काच बदलणारे, बॅटरी टाकून देणारे, जुना घेऊन नवा देणारे, सगळे एकमेकांना खेटून बसलेले. पण जुन्या फोनचे कितीतरी व्यवहार आता दुकानाची पायरी चढतच नाहीत. मोबाइलवर जाहिरात दिसते, दोन-चार मेसेज होतात आणि समोरचा सांगतो, "ठक्कर बाजारला या, तिथेच देतो." बसस्थानकाच्या गर्दीत फोन हातात येतो, पैसे खात्यात जातात. विकणाऱ्याचे आडनावही कोणी विचारलेले नसते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या मुलासाठी किंवा कळवण-सुरगाण्याहून शिकायला आलेल्या मुलीसाठी जुना फोन ही हौस नसते, गरज असते. म्हणून 'जुना घेऊच नका' हा सल्ला मला पटत नाही. घ्यावा, पण कोणाकडून घेतो आहोत ते कळल्यावरच घ्यावा. या व्यवहाराबद्दल ज्या समजुती रूढ आहेत, त्यांतल्या बहुतेक नेमक्या याच प्रश्नाला बगल देतात.

'चोरीचा असता तर चालूच झाला नसता'

सर्वांत महागात पडणारा समज हा. प्रत्येक मोबाइलला 15 अंकी आयएमईआय क्रमांक असतो, दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. चोरीला गेलेल्या किंवा हरवलेल्या फोनचा हा क्रमांक सगळ्या मोबाइल कंपन्यांना कळावा आणि तो कुठल्याच नेटवर्कवर चालू नये, यासाठी दूरसंचार विभागाने 'सीईआयआर' ही मध्यवर्ती नोंदवही उभी केली. तिचा पहिला प्रयोग सप्टेंबर 2019 मध्ये आपल्या महाराष्ट्रातच सुरू झाला. मे 2023 मध्ये 'संचार साथी' पोर्टल आले आणि ही सोय देशभर खुली झाली.

पण ही नोंद आपोआप होत नाही. ज्याचा फोन गेला त्याने आधी पोलिसांत तक्रार द्यायची, त्याच नंबरचे नवे सिम काढायचे, कारण ओटीपी त्यावर येतो, आणि मग अर्ज भरायचा. त्यानंतर साधारण 24 तासांत फोन ब्लॉक होतो. सकाळी रामकुंडावरच्या गर्दीत कोणाच्या खिशातून गेलेला फोन दुपारी तुमच्यापुढे आला, तर त्याचा मालक त्या वेळी सिमच्या दुकानात असेल किंवा अजून घरीही पोहोचला नसेल. तेव्हा फोन चालू असतो, कॉल लागतो, नोंदवहीतही त्याच्याविरुद्ध काही दिसत नाही. बंद पडतो तो चार दिवसांनी, तुमच्या हातात.

शिवाय ब्लॉक झालेला फोन वायफायवर व्यवस्थित चालतो, कारण बंदी मोबाइल नेटवर्कवर असते. विकणाऱ्याच्या हॉटस्पॉटवर व्हिडिओ सुरू झाला, कॅमेऱ्याने फोटो छान आला, यावरून फोन साफ आहे असे मुळीच ठरत नाही.

'पोलीस आले तर चोराकडे जातील, माझ्याकडे कशाला येतील?'

ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कोणी सिम घातले, की त्याची माहिती सीईआयआरमार्फत पोलिसांपर्यंत जाते. ते सिम असते तुमचे, तुमच्या आधार कार्डावर घेतलेले, नावपत्त्यासह. ठक्कर बाजारला भेटलेल्या माणसाची कसलीच नोंद त्या यंत्रणेत नसते. त्यामुळे पोलीस ठाण्यातून पहिला फोन येतो तो विकत घेणाऱ्याला. शोधून काढलेले मोबाइल मूळ मालकांना परत देण्याचे कार्यक्रम राज्यभर पोलीस घेतात, नाशिकमध्येही होतात. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात आनंदलेला मालक दिसतो आणि त्याचा आनंद रास्तच आहे. मात्र ज्याच्या हातातून तो फोन काढून घेतला, तो पुष्कळदा घामाचे पैसे मोजून फसलेला असतो, आणि तो त्या छायाचित्रात कुठेच नसतो.

'मी पैसे दिले आहेत, म्हणजे फोन माझा' हे कायद्याला मान्य नाही. 1930 च्या माल विक्री कायद्याचे कलम 27 सांगते, की विकणाऱ्याचा वस्तूवर जेवढा हक्क आहे, त्याहून जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडे मालकी नव्हती, म्हणून तुमच्याकडेही ती आली नाही. पोलीस भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली फोन मुद्देमाल म्हणून जप्त करू शकतात. तुम्हाला काही ठाऊक होते का, हा प्रश्न जप्तीच्या आड येत नाही. पैसे मागायचे ते विकणाऱ्याकडे, आणि तो तर सापडत नसतो.

शिक्षेची गोष्ट वेगळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार चोरीची वस्तू अप्रामाणिकपणे घेणे किंवा ठेवणे हा 3 वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पण वस्तू चोरीची आहे हे माहीत असले पाहिजे, किंवा तसे मानायला सबळ कारण असले पाहिजे. भोळेपणाने फसलेल्या माणसाला कायदा सरसकट चोर ठरवत नाही, एवढा दिलासा आहे. तरीही 40 हजारांचा फोन 6 हजारांत, बिलाशिवाय आणि नाव न विचारता घेतला असेल, तर 'मला संशयच आला नाही' हे कोणाच्या गळी उतरवणे कठीण जाते.

'बिल-बॉक्स आहे, मग काळजी नाही'

बिल हा कागद आहे आणि छापील कागद मोबाइलवरच तयार करता येतो. जुळवून पाहायचे ते आयएमईआय. फोनवर *#06# डायल करा. पडद्यावर येणारा क्रमांक बॉक्सवर आहे का, बिलावर आहे का, आणि बिलावरचे नाव विकणाऱ्याच्या ओळखपत्राशी जुळते का, ते पाहा. 'बिल भावाच्या नावावर आहे' असे उत्तर आले, तर भावाशी बोलून घ्यायला संकोच नको. बिलावर नाशिकचेच दुकान असेल तर तिथे जाऊन विचारणे सर्वांत उत्तम.

पडद्यावरचा क्रमांकही बदललेला असू शकतो. सॉफ्टवेअर 'फ्लॅश' करून दुसऱ्याच फोनचा आयएमईआय चढवण्याचा धंदा चालतो. 2020 मध्ये उत्तर प्रदेशात मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर 13 हजारांहून अधिक फोन चालत असल्याचे आढळले होते. दूरसंचार कायदा, 2023 नुसार अशी छेडछाड करणे, आणि छेडछाड झाल्याचे ठाऊक असताना असा फोन बाळगणेही गुन्हा आहे. त्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 50 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून क्रमांक सरकारी नोंदीतही तपासावा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग मोकळी जागा, मग 15 अंकी क्रमांक, असा एसएमएस 14422 वर पाठवायचा. संचार साथीच्या अॅपवर किंवा पोर्टलवरही तपासता येते. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येते. ते हातातल्या फोनशी जुळले नाही, किंवा क्रमांक काळ्या यादीत किंवा बनावट दाखवला, तर तिथेच व्यवहार थांबवा. ही तपासणी आधी करा आणि आपले सिम नंतर घाला, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. उत्तर चांगले आले तरी ते त्या क्षणापुरते आहे, कारण मालकाची तक्रार अजून वाटेत असू शकते. त्यासाठीच विकणाऱ्याचे नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत आणि आयएमईआय टाकून दोन ओळींचा सहीचा कागद करून घ्यायचा आणि पैसे रोख न देता त्याच्याच नावाच्या खात्यात टाकायचे. सरळ माणूस याला नकार देत नाही. जो देतो, त्याच्याकडून फोन घेऊ नये, मग किंमत काहीही असो.

'रिसेट मारलाय, एकदम कोरा आहे'

कोरा दिसणे आणि मोकळा असणे यांत फरक आहे. आयफोनवर 2013 पासून अॅक्टिव्हेशन लॉक आहे. अँड्रॉइडवर 2015 च्या सुमारास तसेच संरक्षण आले. जुन्या मालकाचे खाते न काढता रिकव्हरीतून रिसेट मारला, तर सुरू करताना फोन त्याच जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. 'घरी जाऊन आपला आयडी टाका' असे कोणी म्हणाले तर हलू नका. त्याच्यासमोरच फोन रिसेट करायला लावा आणि आपले खाते घालून पार मुख्य पडद्यापर्यंत या.

हप्त्यांवर घेतलेल्या फोनमध्ये काही वेळा कर्ज देणाऱ्याचे लॉक असते. हप्ता थकला की फोन दुरूनच अडवला जातो. म्हणून कर्ज फिटल्याचा दाखला मागा.

चकाकणाऱ्या फोनबद्दल थोडक्यात: एकदा उघडून पुन्हा चिकटवलेल्या फोनच्या पाणीरोधकतेवर भरवसा ठेवू नका. मागची बाजू जराशी उचललेली दिसली तर बॅटरी फुगलेली असू शकते, असा फोन धोक्याचा. नव्या आयफोनांत सेटिंगमध्ये कोणता भाग बदलला आहे ते दिसते. इतर फोनसाठी ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला शे-दोनशे रुपये देऊन दाखवून घ्या.

'लष्करातला माणूस आहे, तो कशाला फसवेल?'

लष्करी किंवा निमलष्करी दलाचे ओळखपत्र पाठवून, 'तातडीची बदली झाली आहे, स्वस्तात देतो' असे सांगण्याची ठगांची रीत देशभर चालते. नाशिकमध्ये ती पटकन खपू शकते, कारण देवळाली कॅम्प आपल्या शेजारी आहे, गणवेशातली माणसे रोज दिसतात आणि त्यांच्याबद्दल आपल्याला आदर आहे. ठग त्या आदराचाच वापर करतो. आधी थोडे टोकन मागतो, मग कुरिअरचे, मग गेटपासचे. पुढे 'तुमचे पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणतो. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागतच नाही. जिथे पिन मागितला, तिथे पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. फोन हातात येण्याआधी एक रुपयाही देऊ नका. गेलेच तर त्याच क्षणी 1930 वर कळवा, कारण रक्कम पुढे वळवली जाण्याआधी गोठवता आली तरच ती वाचते.

'दुकानातून घेतले काय, माणसाकडून घेतले काय, सारखेच'

सारखे नाही. दुकानदार बिल देतो, त्याचा पत्ता कायम असतो आणि फसवणूक झाली तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपला एखादा जुना फोन विकणारी खासगी व्यक्ती व्यापारी नसल्याने तिच्याविरुद्ध हा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत दुरुस्ती झाली आणि जुन्या फोनच्या खरेदी-विक्रीत असलेल्यांवर आयएमईआय आधी सरकारी नोंदीत पडताळण्याची जबाबदारी आली. म्हणून दुकानदाराला 'तपासला का?' असे विचारा आणि आयएमईआय बिलावर लिहून घ्या. दुकानात हजार-दोन हजार जास्त गेले, तरी माझ्या मते ते वाया जात नाहीत.

'फसलोच आहोत, तर गुपचूप पुढे विकून टाकू'

हे मात्र करू नका. आतापर्यंत तुम्ही फसलेले ग्राहक होता. चोरीचा आहे हे कळल्यावर पुढे विकलात, की तुम्ही स्वतः गुन्ह्यात सामील होता. फोन बंद करा आणि विक्रेत्याशी झालेले मेसेज, जाहिरातीचे छायाचित्र, पैसे दिल्याची नोंद घेऊन स्वतः पोलीस ठाण्यात जा. फोन जाईल, पण तुमची बाजू लेखी नोंदवली जाईल आणि मूळ चोरापर्यंत जाण्याचा धागाही पोलिसांना तुमच्याकडूनच मिळेल.

सिंहस्थ तोंडावर आहे. 2027 च्या पर्वण्यांना गोदाकाठी लोटणाऱ्या गर्दीत फोन हरवतील, चोरीला जातील आणि त्यांतले काही कोणा गरजू माणसाला विकले जातील. तुमचा फोन गेला, तर तो जुना होता, काच फुटलेली होती, म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी तक्रार द्या आणि संचार साथीवर तो ब्लॉक करा. तुम्ही ती नोंद केलीत, तरच 14422 वर विचारणाऱ्या पुढच्या माणसाला खरे उत्तर मिळेल.