कॅन्सरचा इलाज आणि युरिक ॲसिड : छोटा खर्च आधी करा

घरात कॅन्सर आला की औंधच्या बाजारातला दुकानदार असो की कारागीर, आधी मोठ्या रकमेची जमवाजमव करतो. माल पडत्या भावाने काढतो, उधारी गोळा करतो आणि मिरजेला किंवा परळच्या टाटा हॉस्पिटलला निघतो. पण चिठ्ठीवरची काही रुपयांची युरिक ॲसिडची गोळी ‘ही तर सांधेदुखीची’ म्हणून मागे राहते. आम्ही व्यापारी बांधवांना सांगू इच्छितो, की हा सौदा फार महाग पडतो.

रक्ताच्या किंवा लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये केमोथेरपी सुरू होताच असंख्य पेशी एकदम फुटतात. त्यांतून युरिक ॲसिड तयार होते. मूत्रपिंडाला एवढा माल एकदम उठवता येत नाही. आत बारीक खडे साचतात, लघवी घटते आणि प्रसंगी डायलिसिसची पाळी येते. सोबत पोटॅशियम वाढले तर हृदयालाही धोका असतो. हे बहुधा पहिल्या तीन दिवसांत, कधी आठवड्याभरात घडते. म्हणून त्या दिवसांत रक्त वारंवार तपासतात. त्या तपासण्या टाळू नयेत.

यावरची जुनी दवा ॲलोप्युरिनॉल. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत ती कॅन्सरच्याच संशोधनातून निघाली. सांधेदुखीसाठी तिचा वापर नंतर सुरू झाला. दोघांना १९८८ साली नोबेल मिळाले. ही गोळी नवे युरिक ॲसिड बनू देत नाही, पण साचलेले काढत नाही. म्हणून ती केमोच्या एक-दोन दिवस आधीच सुरू करतात. साचलेले मोडणारे इंजेक्शन म्हणजे रासब्युरिकेज. अमेरिकेत त्याला २००२ साली मंजुरी मिळाली. ते महाग आहे आणि जी-६-पी-डी हे द्रव्य रक्तात कमी असलेल्यांना घातक आहे. तेव्हा ती तपासणी आधी करून घ्यावी.

काही एहतियात. ल्युकेमियाची मरकॅप्टोप्युरिन गोळी चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. दोन्ही एकत्र दिल्यास तिचा डोस पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर आणावा लागतो. अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी दाखवा. पाणी भरपूर लागते, पण किती ते डॉक्टरांनीच ठरवावे. रमजानमध्ये केमो असेल तर पाणी तोडू नका. शरीअतने आजाऱ्याला रोजातून सवलत दिली आहे.

पैशाचेही ऐका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा इलाज येतो. रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलमधील आरोग्यमित्राला आधी भेटा, दुकान नंतर विका. जकात देणाऱ्या भावांनीही गरजू रुग्णाच्या तपासण्यांचा आणि गोळ्यांचा खर्च ध्यानात ठेवावा. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो.