थाळी वाजली, माणसे जमली, पुढे काय?

पनवेलच्या नाट्यगृहाला आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचे नाव आहे. श्रोते जमवण्याची या माणसाची रीत मात्र बिनखर्चाची होती. पनवेल तालुक्यातल्या शिरढोणला १८४५ साली जन्मलेले फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. थाळी बडवत रस्त्याने निघायचे आणि संध्याकाळी शनिवारवाड्यासमोर आपले व्याख्यान असल्याची दवंडी स्वतःच द्यायची! लोक यायचे. सरकारी नोकराने भर पेठेत थाळी पिटणे हाच तेव्हा तमाशा. निम्मे तरी कुतूहलापोटीच येत असणार.

ऐकून लोक घरी जायचे. १८७६-७८ च्या दुष्काळाने माणसे मरत होती. फडक्यांना टाळ्या नको होत्या, इंग्रजांविरुद्धच्या बंडासाठी सोबत हवी होती, आणि शिकलेल्यांकडून ती मिळाली नाही, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

सोबत मिळाली ती रामोशांकडून. तिथे थाळीचा उपयोग नव्हता. मातंग समाजातल्या लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत घाम गाळलेल्या या ब्राह्मण कारकुनाला जातीच्या भिंतीपलीकडे मिसळायची सवय होती. शिवाय दौलतराव नाईकांसारखा रामोशी म्होरक्या बरोबर असला की त्याच्या शब्दावर इतर येतात. अनोळखी हजारांपुढे बोलण्यापेक्षा, ज्याचे चारजण ऐकतात अशा एकाचा विश्वास मिळवणे अवघड, पण टिकाऊ.

खारघर-कामोठ्याच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज रोज कुणीतरी थाळी वाजवतच असतो: माझा व्हिडिओ बघा, माझ्या क्लासला या. लोक अंगठा दाखवून पुढे सरकतात. टँकर कधी येणार, दाखला कुठे मिळतो, याची उत्तरे वर्षभर निमूट देणाऱ्याने एखाद दिवशी स्वतःचे काही टाकले, तर ते मात्र वाचले जाते.

मे १८७९ मध्ये दौलतरावांच्या टोळीने पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखलीवर धाड घातली. त्याच सुमारास फडक्यांचा जाहीरनामा निघाला. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावले, तर त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या डोक्यावर लावले. मग वर्तमानपत्रांना हात आवरणे शक्यच नव्हते. विलायतेपर्यंत बातमी गेली. मजकुरातच दम असला की तो पोहोचवायची घाई दुसऱ्यांना होते. अर्थात त्या प्रसिद्धीने पाठलागही वाढला, आणि जुलैमध्ये विजापूरकडच्या देवर नावडगीला ते पकडले गेले.

खटल्यात त्यांची बाजू घ्यायला पुढे आलेल्यांत सार्वजनिक काका, म्हणजे वकील गणेश वासुदेव जोशी, होते. ते त्याच शिकलेल्या पुण्यातले, पण स्वदेशीच्या कामामुळे फडक्यांशी आधीपासून जोडलेले.