इशारा गप्प करताना

प्रोग्राममधल्या संशयास्पद जागा हेरणारं ‘लिंट’ हे साधन स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये लिहिलं. आज अशी साधनं ढिगानं आहेत. जुन्या कोडवर सोडली, की हजारो इशारे येतात. मग प्रोग्रामर एकतर ते वाचणं सोडतो, नाहीतर कसंही करून गप्प करतो. दुसरं जास्त घातक.

२००६ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीत हेच झालं. ओपनएसएसएल या सुरक्षेच्या लायब्ररीबद्दल ‘व्हॅलग्राइंड’ हे मेमरीचा वापर तपासणारं साधन सारखं कुरकुरत होतं: किंमत न भरलेली मेमरी वापरली जातेय. कुरकुर थांबावी म्हणून दोन ओळी बाद केल्या. त्यांतली एक गेल्यानं फारसं बिघडलं नसतं. दुसरी मात्र गुप्त किल्ल्यांना लागणारी यादृच्छिकता मिसळत होती! उरला तो प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. हे उघडकीस आलं मे २००८ मध्ये. असंख्य सर्व्हरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. (आणि साधन खोटं बोलत नव्हतं, बरं का.)

म्हणून जाणती मंडळी जुने इशारे बाजूला नोंदवून ठेवतात आणि फक्त नव्या ओळी तपासतात. एखादा दाबायचाच, तर त्या ओळीपुरता, शेजारी कारण लिहून. गूगलच्या ‘ट्रायकॉर्डर’ या कोड तपासणाऱ्या साधनाची युक्ती मला सर्वांत पटते: इशाऱ्यापाशीच ‘उपयोग नाही’ असं बटण. तक्रारी वाढल्या, की तो नियम लिहिणाऱ्यानं सुधारायचा. नाहीतर नियमच बंद.