धड्यात नसलेला अवयव

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा पाठ आहे. अंडाशय, गर्भाशय, ऋतुचक्र, टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसी, शुक्रपेढी एवढे सगळे त्यात येते; शिश्निका येत नाही.

याला शास्त्रीय वाटणारे कारण देता येते. पुरुषाच्या शरीरात सुखाची आणि बीजाची वाट एकच, त्यामुळे शुक्रपेशी बाहेर कशा येतात हे सांगताना शिश्न वगळताच येत नाही. बाईचे अंडमोचन सुखाची वाट पाहत नाही. गर्भही त्याविना राहतो. शिश्निकेला प्रजननात काम नाही, म्हणून प्रजननाच्या पाठात जागा नाही. तर्क ठीक. पण शाळेत या भागाविषयी दुसरा पाठच नाही. वास्तविक गर्भावस्थेत दोन्ही अवयव एकाच उंचवट्यापासून घडतात. शिश्निकेची आत पसरलेली मोठी रचना हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन शल्यचिकित्सक बाईंनी १९९८ मध्ये तपशिलाने मांडली. (शब्द तरी पाहा, शिश्नाचेच लघुरूप!)

महाराष्ट्राला हा विषय नवा नव्हता. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून लिहीत राहिले, की बाईलाही कामेच्छा असते आणि सुखाचा तिला पुरुषाइतकाच हक्क आहे. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची विल्सन कॉलेजातली नोकरी त्याआधीच गेली होती. पुढे अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. शाळांनी वडिलांचा वारसा घेतला, मुलाचा नाही. केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमही २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी नाकारला.

२०१८ मध्ये अस्मिता योजना आली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड. योजना चांगलीच. पण या विषयावरचे व्याख्यान आमच्या मुळशीत अजून असे होते: मुलगे मैदानावर, मुली वर्गात, आधी स्वच्छता, शेवटी ‘आता जपून राहायचं’. मुलग्यांना जपायला कोणी सांगत नाही. त्यांचे स्वप्नस्खलन ‘वयात येताना व्हायचंच’. मुलीच्या इच्छेला मात्र एकच शब्द आहे, ‘लफडं’.

२०१२ च्या पोक्सो कायद्याखाली मुलीला कुठे, काय झाले ते सांगावे लागते. ‘खाली’ यापलीकडे तिच्याजवळ शब्द नसेल, तर जबाबात लिहिणार काय? लघवीची वाट आणि योनी वेगळ्या, हे लग्नानंतर, तेही बाळंतपणात दवाखान्यात कळलेल्या बाया या तालुक्यात मला भेटल्या आहेत. त्यांतल्या काही दहावी झालेल्या होत्या.