नमुना २६ मध्ये नसलेला रकाना

लोकसभेचा अर्ज भरताना उमेदवाराला ‘नमुना २६’ नावाचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. त्यात त्याच्यावरचे खटले येतात, बँकेतल्या ठेवी येतात, बायकोच्या अंगावरचं सोनं येतं, पाच वर्षांचं प्राप्तिकराचं उत्पन्न येतं. शेवटची पदवी कुठून आणि कोणत्या साली घेतली, तेही येतं. एक प्रश्न मात्र त्यात नाही. यापूर्वी तुम्ही कुठल्या निवडणुका लढवल्या, कोणत्या पक्षाकडून, आणि किती मतं पडली? निवडणुकीच्या कागदात उमेदवाराचा निवडणुकीचाच इतिहास विचारला जात नाही, ही गंमतच म्हणायची.

पुण्यापुरतं बोलायचं तर हा इतिहास फार रंगतदार आहे. भाजपचे गिरीश बापट २०१९ मध्ये पुण्याचे खासदार झाले, तेव्हा मताधिक्य होतं ३,२४,६२८. त्याआधी १९९५ पासून सलग पाच वेळा ते कसब्याचे आमदार होते, हे शहरात सगळ्यांना पाठ. पण हेच बापट १९९६ मध्ये लोकसभेला उभे होते आणि सुरेश कलमाडींकडून हरले होते, हे किती जणांना आठवत होतं? २०१९ मध्ये त्यांच्यासमोर होते काँग्रेसचे मोहन जोशी. तेही १९९९ मध्ये इथूनच लढून हरलेले. म्हणजे ती लढत पुण्यातून एकेकदा हरलेल्या दोघांची होती. आपल्याकडे प्रचारपत्रकावर विजय छापतात, पराभव नाही, त्यामुळे हे कानावर आलं नाही इतकंच.

मुळात प्रतिज्ञापत्रंही फार जुनी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी उमेदवाराची माहिती मतदाराला मिळालीच पाहिजे असं सांगितलं. संसदेने कायदा करून ती वाट अरुंद करायचा प्रयत्न केला, तो मार्च २००३ मध्ये न्यायालयाने रद्द केला. तेव्हा २००४ च्या आधीच्या पुण्याच्या उमेदवारांबद्दल सरकारी दफ्तरात उरतात ते मुख्यतः मतांचे आकडे. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल १९५१-५२ पासूनचे उपलब्ध आहेत. उमेदवाराचं नाव, पक्ष, मतं. बस्स.

या ‘पक्ष’ नावाच्या रकान्यावर फार विसंबू नये. १९५७ चा निकाल घ्या. सरदार पटेलांबरोबर केंद्रीय मंत्रिमंडळात बसलेले काकासाहेब गाडगीळ पुण्यात नानासाहेब गोरे यांच्याकडून हरले. गोरे यांच्या नावापुढे प्रजा समाजवादी पक्ष असं लिहिलेलं सापडेल. पण त्या वर्षी पुण्याने मत दिलं ते संयुक्त महाराष्ट्र समितीला, मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीला. अहवाल वाचून हे कळणार नाही. तसंच १९९८ चं. त्या वर्षी कलमाडी अपक्ष म्हणून लढले आणि काँग्रेसच्या विठ्ठल तुपे यांच्याकडून हरले. नोंद सांगते ‘अपक्ष’. त्यांच्या पाठीशी भाजप होता, हे त्या काळची वर्तमानपत्रं सांगतात. पुढे २००४ आणि २००९ मध्ये तेच कलमाडी काँग्रेसचे खासदार.

पक्षांतराचा विषय निघाला की आजकालचं राजकारण बिघडलं, असा उसासा पुण्यात हमखास ऐकू येतो. जुन्या नोंदी पाहिल्या तर तो उसासा थोडा आवरता घ्यावा लागेल. १९६२ मध्ये काँग्रेसतर्फे निवडून आलेले शंकरराव मोरे हे शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी. १९५२ मध्ये ते सोलापुरातून त्याच पक्षाचे खासदार झाले होते. मोहन धारिया १९७१ मध्ये काँग्रेसचे, १९७७ मध्ये जनता पक्षाचे. मात्र धारियांनी जयप्रकाश नारायण यांच्याशी बोलणी करा असं सांगून मंत्रिपद गमावलं आणि आणीबाणीत तुरुंगवास भोगला. तिकीट मिळालं नाही म्हणून आदल्या रात्री पक्ष बदलणाऱ्याच्या ओळीत त्यांना बसवणं अन्यायाचं होईल. हा फरक कुठल्याही रकान्यात मावत नाही.

आता आकडे वाचण्याबद्दल. मताधिक्य हा सगळ्यात फसवा आकडा. २००९ मध्ये कलमाडी २५,७०१ मतांनी जिंकले. त्यांच्यासमोर भाजपचे अनिल शिरोळे होते आणि मनसेकडून उभे होते रणजित शिरोळे. मनसेच्या शिरोळ्यांनी ७५,९३० मतं घेतली, म्हणजे मताधिक्याच्या जवळपास तिप्पट. हा कलमाडींचा विजय की भाजपच्या मतांची फाटाफूट? वाद घालणाऱ्यांनी तो अजून घालावा. पाच वर्षांनी हेच अनिल शिरोळे ३,१५,७६९ मतांनी निवडून आले. शिवाय २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघाची हद्दच बदलली. आज शहरात राहणारा हडपसरचा मतदार शिरूरसाठी मत देतो, खडकवासल्याचा बारामतीसाठी. २००४ आणि २००९ चे आकडे शेजारी ठेवून कोण वाढला, कोण घटला हे सांगणारा माणूस मोजपट्टी बदलल्याचं विसरतो.

२०२४ मध्ये भाजपचे मुरलीधर मोहोळ १,२३,०३८ मतांनी जिंकले. मताधिक्य दोन लाखांनी घसरलं, असा मथळा करता येतो. पण मतं पाहा. भाजपची ६,३२,८३५ वरून ५,८४,७२८ झाली, घट ४८ हजारांची. काँग्रेसची ३,०८,२०७ वरून ४,६१,६९० झाली, वाढ दीड लाखाहून जास्त. मोहोळ फारसे घसरले नाहीत. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर चढले. आणि मतदार होते २० लाखांहून अधिक. म्हणजे विजयी उमेदवाराला मतदारसंघातल्या दर दहा मतदारांपैकी तिघांचीही मतं नव्हती.

धंगेकरांचा प्रवास तर नोंदी एकत्र लावल्याशिवाय दिसतच नाही. २००९ आणि २०१४ मध्ये ते मनसेकडून कसब्यात बापटांसमोर लढले आणि हरले. २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसकडून भाजपच्या हेमंत रासने यांना हरवून आमदार झाले. वर्षभरानंतर लोकसभा. इथे ‘नमुना २०’ कामाला येतो. प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली, याचा तो तक्ता आहे. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. त्याच्या बेरजा केल्या तर कळतं की धंगेकर स्वतःच्या कसब्यातही मागे होते आणि सहा विधानसभा मतदारसंघांपैकी फक्त पुणे कॅन्टोन्मेंटमध्ये पुढे होते. पाच महिन्यांनी विधानसभेला कसब्यात त्याच रासने यांनी त्यांना हरवलं. जूनचा तक्ता ज्याने नीट पाहिला होता, त्याला नोव्हेंबरच्या निकालाचा धक्का बसण्याचं कारण नव्हतं.

तक्त्यांत एक निवडणूक मात्र कधीच सापडणार नाही, कारण ती झालीच नाही. २९ मार्च २०२३ रोजी बापट गेले. रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी असं कायदा सांगतो. आयोगाने पोटनिवडणूक घेतली नाही. एका पुणेकराच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ती घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ४ जून २०२४ चा निकाल लागेपर्यंत चौदा महिने पुण्याला लोकसभेत खासदार नव्हता.

नमुना २६ मध्ये आणखी एक पान वाढवायला काय हरकत आहे? खटल्यांची माहिती द्यायला सुरुवातीला सगळ्याच पक्षांनी कुरकुर केली होती, आज ती सवयीची झाली. लढवलेल्या प्रत्येक निवडणुकीचं वर्ष, मतदारसंघ, पक्ष, मतं आणि अनामत वाचली की गेली, एवढंच लिहायचं. हे सगळं आयोगाच्याच दफ्तरात पडून आहे, उमेदवाराला लपवायलाही जागा नाही. आयोगाने हे मनावर घेईपर्यंत पुणेकरांनी एवढं करावं: पुढच्या वेळी दारात मत मागायला येणाऱ्याला त्याच्या मालमत्तेबरोबरच त्याचे पराभवही विचारावेत, आणि कोणत्या पक्षात असताना झाले, तेही.