तालमीची माती आणि मुलांची घडण

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठच्या गावांत मुलांच्या अंगमेहनतीची पहिली शाळा म्हणजे तालीम. तालीम ही कुस्ती शिकवणारी वास्तू असून तिच्या मधोमध तांबड्या मातीने भरलेला जो खोलगट चौक असतो त्याला हौदा म्हणतात, आणि शिकवणाऱ्या जाणत्या पैलवानाला वस्ताद. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील विल्यमस्पोर्ट येथे १९३९ साली सुरू झालेल्या ‘लिटल लीग’ने बेसबॉलच्या निमित्ताने गावोगावच्या मुलांना शिस्त लावण्याचे जे काम हाती घेतले, ते या मुलखात तालमी त्याच्या कितीतरी आधीपासून करीत आल्या आहेत; मात्र तेथे मूल चेंडू फेकायला आणि झेलायला शिकते, तर येथे ते सर्वांत आधी पडायला शिकते.

शिक्षणाचा आरंभ मातीपासून होतो. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबाचा रस, हळद आणि कापूर मुरवून ती मऊ ठेवली जाते. हळद-कापराने खरचटलेले अंग चिघळत नाही, अशी तालमीतली जुनी धारणा आहे. पायाखाली तुडवून ही माती दबते, म्हणून कसरतीपूर्वी ती खोऱ्याने उकरून वरखाली करावी लागते, आणि हे काम नव्याने आलेल्या पोरांकडेही असते. दहा वर्षांचे मूल खोरे ओढताना कंबर, खांदे आणि मनगटे यांचा एकत्र वापर करते, म्हणजे डाव शिकण्याआधीच त्याचे अंग डावासाठी तयार होऊ लागते. शिवाय ज्या जागेवर आपण लढणार ती आपणच राखायची, हे त्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. नखे वाढलेल्या मुलाला वस्ताद हौद्यात उतरू देत नाहीत, कारण त्याच्या नखाने जोडीदाराचा डोळा दुखावू शकतो.

यानंतर जोर, बैठका आणि कोलांट्या येतात. कोलांटी घेताना हनुवटी छातीशी लावून पाठ गोल करायची, हे मुलाच्या अंगवळणी पडेपर्यंत त्याला कोणताही डाव दिला जात नाही, आणि हा संयम हेच तालमीच्या शिक्षणाचे मर्म होय. पुढे जोड लावताना, म्हणजे सरावासाठी दोघांना समोरासमोर उभे करताना, अनेकदा थोरल्या मुलाला धाकट्यापुढे उभे केले जाते. थोरला गुडघ्यांत वाकून आपला भार राखतो, धाकटा त्याच्या पायाला हात घालून एकेरी पट काढू पाहतो, आणि हात चुकीच्या जागी पडला की थोरला स्वतःच तो धरून योग्य जागी ठेवतो. प्रतिस्पर्धीच येथे अर्धा शिक्षक असतो. धाकट्याने हाक दिली की पकड तत्क्षणी सुटली पाहिजे, हा दंडक असल्याने आपली ताकद आवरायची कशी, हेही मूल ताकद कमावतानाच शिकते. वाढत्या वयात याहून मोलाचे शिक्षण क्वचितच मिळत असेल.

या मातीची मर्यादाही याच भागातील थोर मल्लाच्या चरित्रातून कळते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत वाढले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर, म्हणजे गादीवर, अपरिचित नियमांनी लढावे लागले आणि ते सहावे आले, तर १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. मातीतील निकाली कुस्ती प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागून तो चितपट झाल्यावर संपते. मॅटवर मात्र तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मोजले जातात. म्हणून आजच्या मुलाला दोन्हींचा सराव हवा, पण पडण्याची भीती घालवण्यासाठी आरंभ मऊ मातीतच व्हावा, हे अधिक योग्य होय. स्पर्धेचा वजनगट गाठण्यासाठी वाढत्या मुलाला उपाशी ठेवणे मात्र सर्वस्वी गैर आहे. दूध, तूप, बदाम यांचा खुराक आधीच कुटुंबाच्या मिळकतीवर ताण आणतो, आणि वाढीच्या वयात झालेली अन्नाची आबाळ पुढे भरून काढणे कठीण असते.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळांतून मुलामुलींपर्यंत पोहोचवले, तेव्हा व्यायाम ही केवळ पैलवानांची मिरास नाही, हे याच सातारा परिसराने पाहिले होते. तालमीचे दार मात्र मुलींसाठी फार उशिरा उघडले. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने जिंकली. ज्या गावांत हौदा अजून राखलेला आहे, त्या गावांनी तेथे मुलींसाठी स्वतंत्र वेळ आणि कपडे बदलण्याची खोली यंदाच्या यंदाच उपलब्ध करून द्यावी.